मिनेसोटात पहिलं फळझाड लावताना

आधी आपला झोन, म्हणजे हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून ठरवलेला विभाग, बघा. झोन ४ म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यात पारा उणे ३४ सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. दुकानातलं गोंडस पीचचं रोप तिथे टिकत नाही. (आंब्याचा तर विषयच सोडा!) सुरुवात सफरचंदापासून करा. हॅरल्सन किंवा हनीक्रिस्प घ्या, दोन्ही जाती मिनेसोटा विद्यापीठानेच तयार केलेल्या. मात्र परागीभवनासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं. शेजाऱ्याचं क्रॅबॲपलही (छोट्या, आंबट फळांचं सफरचंद) चालतं. जागा एकाच झाडाची असेल तर नॉर्थ स्टार ही आंबट चेरी लावा, ती एकटी फळते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कलमाचा सांधा मातीत पुरतात. तो चार बोटं वर दिसायला हवा.
- खोडाला जाळी लावत नाहीत. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात. चहूबाजूंनी सोलली की झाड गेलंच. जाळी उंच घ्या, कारण ससा साचलेल्या बर्फावर उभा राहून खातो.

छाटणीचं पुढच्या वर्षी बघू.