मोठा मासा सोडा, पिल्लं शोधा

ओढ्यात हातभर ट्राउट (थंड पाण्यातला मासा) दिसला म्हणून ‘इथे नैसर्गिक पैदास होते’ असं लिहून मोकळे होऊ नका. तो टाकीत वाढवून, आणून सोडलेला असू शकतो. पर (पोहायचे पंख) झिजलेले दिसले तर शंका घ्याच. खरा पुरावा त्याच वर्षीची पिल्लं. (तिथे कुणी पिल्लंच सोडली नाहीत ना, हेही विचारा.) ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरदात खडीत अंडी घालतात, पिल्लं वसंतात वर येतात. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस जा. तेव्हा ती बोटाएवढी असतात, कुशीवर अंगठ्याच्या ठशांसारखे गडद डाग. प्रवाहाच्या उलट चाला, गढूळ पाणी मागे राहतं. मासे पकडायच्या विजेच्या उपकरणाला मात्र प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल, तर त्या दिवशी मासे हाताळायचेच नाहीत.