गप्प बसणं म्हणजे स्थितप्रज्ञता नव्हे

प्रश्न: मी तयार केलेला अहवाल सहकाऱ्याने बैठकीत स्वतःचा म्हणून मांडला. सध्या मी स्टोइक, म्हणजे मन स्थिर ठेवायला शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन विचारवंत वाचतेय. ‘जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यावं’ हे आठवून गप्प राहिले. आता रात्र रात्र झोप नाही. माझं वाचन कमी पडलं, की तत्त्वज्ञानच असल्या वेळी कुचकामी?

उत्तर: हातात काय आहे आणि काय नाही, याची एपिक्टेटस या स्टोइक गुरूने केलेली वाटणी पुन्हा एकदा वाचा. हातात नसलेल्या बाजूला तो शरीर, मालमत्ता, लौकिक, पद या गोष्टी टाकतो. तुमच्या सहकाऱ्याची नियत आणि साहेबांचं मत त्याच बाजूचं. पण ‘हा अहवाल मी केला आहे’ एवढं वाक्य बोलणं कुणाच्या हातात होतं? म्हणजे जे हातात होतं ते तुम्ही सोडलंत आणि जे नव्हतं ते उराशी धरून रात्र जागताय.

त्याचाच एक उतारा मला फार आवडतो. सार्वजनिक स्नानगृहात जायचंय? मग निघण्याआधी तिथे काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. कुणी पाणी उडवेल, कुणी ढकलेल, कुणी शिव्या देईल, कुणी वस्तू लांबवेल. मला अंघोळ करायची आहे आणि मनही ठिकाणावर ठेवायचं आहे, असं स्वतःला बजावून मगच निघा. बैठकीला जातानाही हेच करता येतं. हे गृहस्थ कसे आहेत, याचा थोडाफार अंदाज तुम्हाला आधीच असणार! चोरी झालीच तर तोंड शिवून बसा, असं मात्र त्या उताऱ्यात नाही.

ॲरिस्टॉटल तर याहून रोखठोक. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तितकंच रागावणाऱ्याची तो तारीफ करतो. जिथे रागवायला हवं तिथेही ज्याला राग येत नाही, तो त्याच्या लेखी मूर्ख. अपमान मुकाट सोसणं म्हणजे गुलामी वृत्ती, असंही तो म्हणतो. (गुलामांविषयीची त्याची मतं मला मुळीच मान्य नाहीत. पुढे चारेक शतकांनी एपिक्टेटस हा गुलामगिरीतून वर आलेला माणूस ताठ कण्याने जगायला शिकवू लागला, हा काळाने ॲरिस्टॉटलवर उगवलेला सूडच.)

आता करायचं काय? सेनेका या रोमन स्टोइकाने प्लेटोची एक गोष्ट सांगितली आहे. गुलामावर संतापून प्लेटोने मारायला हात उगारला आणि आपण रागावलोय हे ध्यानात येताच हात तसाच वर धरून तो उभा राहिला. आलेल्या मित्राने विचारलं, हे काय चाललंय? प्लेटो म्हणाला, एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करतोय. रागावर सेनेकाचा मुख्य उपाय म्हणजे थोडा वेळ जाऊ देणं. पण त्यापुढचं त्याचं म्हणणं लोक विसरतात: रागाला सुरुवातीलाच ‘माफ कर’ म्हणू नका, ‘नीट पारख कर’ म्हणा. तेव्हा साहेबांना मेल आज लिहा. सकाळी त्यातली सगळी विशेषणं खोडा, अहवालाचा पहिला मसुदा तारखेसकट जोडा आणि पाठवा. मसुद्यांच्या फोल्डरमध्ये ठेवून देऊ नका.

प्रश्न: सुनेशी मी कधी वावगं वागले नाही. पण मनातून ती मला उथळ, आगाऊ वाटते. वागणं चांगलं असलं की पुरे ना? मनातलं कुणाला दिसतंय?

उत्तर: तुमचाच प्रश्न तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मर्डॉकने 1970च्या ‘द सॉव्हरिनटी ऑफ गुड’मध्ये घेतला आहे. तिच्या उदाहरणातली सासूही वागायला निर्दोष आहे, पण सून तिला मनातून थिल्लर वाटते. पुढे ती स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित संकुचितही आणि मत्सर तर आहेच. पुन्हा एकदा बघू या. हळूहळू तिला दिसतं की गावंढळ वाटत होता तो साधेपणा आहे, गोंगाट वाटत होता तो आनंदीपणा. मर्डॉकने यात एक हुशारी केली आहे. सून परदेशी गेली किंवा वारली असं समजा, असं ती सांगते. म्हणजे सासूच्या वागण्यात बदल व्हायला जागाच उरत नाही. तरीही काहीतरी घडलंय आणि ते नीतीच्या दृष्टीने मोलाचं आहे, हा तिचा मुद्दा. तेव्हा ‘पुरे ना?’ला तिचं उत्तर ‘नाही’ आणि माझंही.

पुन्हा पाहिलं की सून गोडच निघेल, याची हमी मात्र नाही. कदाचित ती खरंच आगाऊ असेल. एक करून बघा. पुढच्या वेळी ‘आगाऊ’ मनात आलं, की त्या क्षणी ती नेमकं काय करत होती ते विशेषणाविना कागदावर उतरवा. ‘न विचारता माझं कपाट लावलं’, एवढंच. मग त्या ओळीपुढे आणखी कोणते शब्द बसू शकतात ते बघा. मदत? घाई? की हे घर आपलं वाटावं म्हणून चाललेली धडपड? शेवटी ‘आगाऊ’च बसला, तर राहू द्या.

प्रश्न: मित्र रोज पहाटे मार्कस ऑरेलियसची वाक्यं पाठवतो. ती खरी असतात का?

उत्तर: सगळी नसतात. ‘आपण ऐकतो ते सगळं मत असतं, सत्य नव्हे’ हे त्याच्या नावावर जोरात फिरतं, पण ते त्याचं नाही. हा रोमन सम्राट ग्रीक भाषेत स्वतःपुरत्या नोंदी करायचा. त्यातल्या पाचव्या भागाची सुरुवात सकाळी अंथरुणातून उठवत नाही, म्हणून स्वतःची समजूत काढण्याने होते. ती मित्राला पाठवायची गरज नाही. तो उठलेलाच असतो.