झुलू योद्ध्यांचा पोशाख आणि ढाली

प्रश्न : चित्रांमध्ये झुलू योद्धे पिसांचे मुकुट, बिबट्याचे कातडे आणि हातापायांना पांढरे झुपके अशा थाटात लढताना दिसतात. ते खरोखर असेच लढत असत का? त्यांच्या ढाली वेगवेगळ्या रंगांच्या का असत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा थाट खरा आहे, परंतु तो रणांगणावरचा नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू राज्यात नव्या पिकाच्या वार्षिक सणाला सैन्य राजासमोर जमे, तेव्हा प्रत्येक पलटण आपला ठरलेला पोशाख चढवीत असे : शहामृगाची व क्रौंचाची पिसे, कपाळाभोवती कातड्याची गुंडाळी, दंडांवर आणि गुडघ्यांखाली गाईच्या शेपटीच्या केसांचे झुपके. बिबट्याचे कातडे मात्र राजघराण्याचा व मोठ्या सरदारांचा मान होता. २२ जानेवारी १८७९ रोजी इसान्डल्वाना येथील ब्रिटिश छावणीवर सुमारे २०,००० झुलू तुटून पडले, तेव्हा बहुतेकांच्या अंगावर कमरेचे कातडे, ताईत आणि फार तर थोडे झुपके एवढेच होते. कारण दिवसेंदिवस पायी मजल मारून धावतच हल्ला चढवणाऱ्या सैन्याला तो नाजूक, मोलाचा साज परवडणारा नव्हता.

ढालींची गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. ‘इसिह्लांगू’ ही मोठी ढाल गाईबैलांच्या कातड्याची असे. तिच्यात उभ्या रांगांनी चिरा पाडून वेगळ्या रंगाच्या पट्ट्या ओवीत आणि मागून उभी काठी बसवीत. ही ढाल योद्ध्याच्या नव्हे, राजाच्या मालकीची असे. राजाच्या कळपांतल्या कातड्यांपासून ती बनवली जाई आणि लष्करी वसाहतींतील कोठारांत ठेवली जाई. साधारणपणे तरुण पलटणींना काळ्या किंवा गडद ढाली मिळत, तर विवाहित प्रौढांच्या ढालींत पांढरा रंग अधिक असे. पलटणी समवयस्कांच्या असत आणि राजाने परवानगी दिल्यावरच त्यांतील पुरुषांना लग्न करता येई. त्यानंतर ते केसांत ‘इसिकोको’ हे घट्ट, चकचकीत कडे शिवून घेत. त्यामुळे ढालीच्या रंगावरून पलटण आणि तिचा दर्जा दुरूनही ओळखू येई, आणि माझ्या मते राजसत्तेची पकड किती खोलवर होती हे यातून जितके कळते तितके कोणत्याही शस्त्रातून कळत नाही. १८७९ पर्यंत रंगांचा हा नियम बराच सैल झाला होता, आणि सेत्श्वायोच्या (१८७९ च्या युद्धावेळच्या झुलू राजाच्या) काळात रूढ झालेली लहान, हलकी ढालही अनेकजण वापरत होते.

शस्त्रांत मुख्य होता ‘इक्ल्वा’ : रुंद पात्याचा, आखूड दांड्याचा, जवळून भोसकण्याचा भाला, ज्यावर शाका राजाने (मृत्यू १८२८) आपल्या सैन्याचा सारा भर दिला. तरीही फेकण्याचे भाले कधी हद्दपार झाले नाहीत, आणि गाठीच्या डोक्याचा लाकडी सोटाही अनेकांजवळ असे. चित्रकार सहसा वगळतात ती वस्तू म्हणजे बंदूक. १८७९ मध्ये झुलूंकडे हजारो बंदुका होत्या, परंतु त्यांतील बहुतेक जुन्या, तोंडाकडून ठासायच्या होत्या आणि दारूही हलक्या प्रतीची होती, म्हणून निर्णायक घाव शेवटी भाल्यानेच घालावा लागे.