कादंबऱ्यांत दाखवतात तशी गुलामांची मुलं खरंच आईपासून तोडून विकली जायची का, की लेखक जास्त रंगवतात?

विकली जायची, आणि बहुतेक ठिकाणी त्यात कुणी कायदा मोडत नव्हतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १६६२ सालीच ठरलं होतं की मूल आईच्या दर्जाचं. बाप खुद्द गोरा मालक असला तरी आई गुलाम म्हणजे लेकरू गुलाम. गुलामांचं लग्न कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं. काही पाद्री तर लग्न लावताना ‘मृत्यू येईपर्यंत’ एवढ्यावर न थांबता ‘किंवा अंतर पडेपर्यंत’ असंही म्हणायला लावायचे. १८०८ मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, पण दक्षिणेत कापूस वाढतच होता. मग व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं खाली मिसिसिपी, लुइझियानाकडे जाऊ लागली. यादवी युद्धापर्यंत अशी साधारण १० लाख माणसं हलवली गेली, त्यातली पुष्कळ व्यापाऱ्यांमार्फत विकून. मालक दुष्टच असायला हवा असंही नाही. तो मेला, कर्जात बुडाला, पोरांच्या वाटण्या झाल्या, की गोठ्यातले बैल जातील तशी माणसं जायची. आई एकाच्या वाट्याला, मूल दुसऱ्याच्या.

तेव्हा ताटातूट रंगवलेली नाही. रंगवलेली असते ती बहुतेक वेळा पुढची भेट.

मी एका तालुक्याच्या गावी एम.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे यातल्या तीन कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचनात येतात. पहिली अर्थात हॅरिएट बीचर स्टोवची ‘अंकल टॉम्स केबिन’, १८५२ ची. तिची सुरुवातच कर्जाने होते. केंटकीतला बऱ्यापैकी भला मालक देणं फेडायला टॉमला आणि एलायझाच्या चार-पाच वर्षांच्या हॅरीला विकायला काढतो. पोराला कवटाळून ओहायो नदीतल्या बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारत पळणारी एलायझा सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र त्याच पुस्तकातली कॅसी जास्त छळते. दोन मुलं विकली गेल्यावर तिला तिसरं होतं, आणि ती त्याला अफूचा अर्क पाजून, छातीशी धरून कायमचं झोपवते. वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, “मॅडम, हे अती होतंय.” मग मी त्यांना सांगते, पुस्तक आलं १८५२ ला. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची बाई गोठलेली ओहायो ओलांडून गुलामगिरी नसलेल्या राज्यातल्या सिनसिनाटीला पळाली, पकडणारे दाराशी आले तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं.

पण शेवटी स्टोवबाई काय करतात बघा. कॅसी निघते एलायझाची आई, आणि एलायझाच्या नवऱ्याची हरवलेली बहीण नेमकी कॅसी पळून जाते त्याच बोटीवर भेटते. जत्रेत हरवलेल्या भावंडांचा आपला हिंदी सिनेमाच. मी त्यांना फार दोष देत नाही. त्यांना उत्तरेतल्या गोऱ्या वाचकांना रडवून जागं करायचं होतं आणि ते काम त्या पुस्तकाने केलं. (महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्यातल्या कितीजणांनी हे पुस्तक घरात मोठ्याने वाचलं असेल!) प्रत्यक्षात १८६५ ला गुलामगिरी संपल्यावर मोकळी झालेली माणसं वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिली. माझ्या आईचं नाव हे, मालकाचं हे, अमक्या साली तमक्याने नेलं, कुणाला ठाऊक असल्यास कळवा. पाद्री त्या चर्चमध्ये वाचून दाखवायचे. हे कित्येक दशकं चाललं. भेट झाली ती फार थोड्यांची.

अ‍ॅलेक्स हेलीच्या ‘रूट्स’मध्ये (१९७६) हे जास्त खरं उतरलंय. त्यातल्या वंशावळीवर अभ्यासकांनी पुढे बरेच आक्षेप घेतले, म्हणून ती कादंबरी समजूनच वाचावी. आफ्रिकेतून धरून आणलेल्या कुंटा किंटेची एकुलती एक मुलगी किझी सोळा वर्षांची असते. लिहायला शिकलेली. पळून जाणाऱ्या मित्राला ती खोटा परवाना लिहून देते, तो पकडला जातो आणि हिला विकून टाकतात. गाडी गेल्यावर कुंटा वाकतो आणि तिच्या पावलाच्या ठशातली माती ओंजळीत घेतो, कारण ती जपून ठेवली तर माणूस त्याच पावली परततं असं त्याच्या गावचे जुने लोक म्हणायचे. ती कुठे ठेवावी म्हणून झोपडीत येतो, तर समोर त्याचा भोपळा, ज्यात तो वय मोजायला आयुष्यभर महिन्याला एक खडा टाकत आलाय. तिथे त्याला उमगतं की ती येणार नाही. तो माती उधळतो, भोपळा आपटून फोडतो, खडे सगळीकडे होतात.

पान उलटलं की गोष्ट किझीबरोबर निघून जाते. ज्याच्यासोबत आपण इतकी पानं काढली त्या कुंटाचं पुढे काय झालं, ते पुस्तक सांगतच नाही. मुलीला कळत नाही, म्हणून वाचकालाही नाही. पहिल्यांदा वाचताना मी चक्क मागे जाऊन पाहिलं होतं, एखादं प्रकरण सुटलं की काय.

टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) मार्गारेट गार्नरवरूनच सुचलेली आहे. तिच्यावर बोलताना सगळे स्वतःच्या मुलीला मारणाऱ्या सेथबद्दल बोलतात. तुम्ही तिची सासू बेबी सग्ज वाचा. आठ बाळंतपणं. थोरलीची एकच आठवण उरलेली, पावाचा खालचा करपलेला भाग तिला आवडायचा. दोघी मुली दुधाचे दात पडायच्या आत विकल्या गेल्या, हात हलवून निरोप द्यायलाही मिळालं नाही. एक मुलगा जवळ राहावा म्हणून ती मुकादमाबरोबर चार महिने झोपली, आणि पुढच्या वसंतात त्याला लाकडांच्या बदल्यात देऊन टाकलं. म्हणून शेवटच्या बाळाकडे, हॅलेकडे, ती नीट बघतसुद्धा नाही. जे नाक-डोळे मोठे झालेले बघायला मिळणार नाहीत ते ओळखीचे कशाला करून घ्यायचे? नेमका तोच तिच्याजवळ राहतो आणि रविवारी जादा काम करून तिला सोडवतो.

सुटून सिनसिनाटीकडे जाताना ती मालकाला विचारते, तुम्ही मला जेनी का म्हणता? तो म्हणतो, तुझ्या विक्रीच्या चिठ्ठीवर जेनी व्हिटलो असंच आहे. बेबी सग्ज हे काही स्वतंत्र बाईला शोभणारं नाव नव्हे, तेच ठेव. ती ऐकत नाही. सग्ज तिच्या नवऱ्याचं नाव, आणि बेबी म्हणायचा तोच. दोघांचं ठरलेलं असतं की ज्याला संधी मिळेल त्याने पळायचं, जमलं तर जोडीने, नाहीतर एकट्याने. त्याला मिळाली, तो गेला. आता त्याने कुठे चौकशी केली आणि हिचं नाव चिठ्ठीवरचं निघालं, तर त्याला ती सापडणार कशी?