बेदाण्याच्या शेडवरून आलेले प्रश्न

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातल्या शेडवरून, म्हणजे जाळीच्या कप्प्यांवर द्राक्षं वाळवतात तिथून, बेदाण्याची पत्रं वाढतात. यंदा औषधांच्या प्रमाणाबरोबर 'या कामात राहावं का' असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. दोन हंगाम नागजजवळच्या एका शेडवर देखरेखीला होतो. काम मनापासून आवडतं. आता शेड भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची आहे. घरचे म्हणतात, शिकून शेडवर राबतोस, स्थळं कशी येणार? काय करू? (वाचक, कवठेमहांकाळ)

स्थळांचं आधी. 'शेडवर असतो' म्हटलं की समोरचा मजुरी समजतो, 'बेदाणा प्रक्रिया' म्हटलं की धंदा समजतो, आणि दोन्ही खरंच आहे. पण मुलीचे वडील पुढचा प्रश्न विचारणारच : एप्रिलनंतर काय करता? अडचण तिथं आहे. शेड साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे ६० दिवस चालते. एक घाणा, म्हणजे एका वेळी शेडवर पसरलेला माल, वाळायला १५ दिवस धरले तर कागदावर चार घाणे बसतात. प्रत्यक्षात ढग, मजूर आणि माल उशिरा येणं यात एक घाणा जातोच. म्हणून भाड्याला चारानं नाही, तीनानं भागा. घाण्याला १० टन द्राक्ष धरलं तर हंगामात ३० टन, म्हणजे सात-साडेसात टन बेदाणा. या आकड्यावर भाडं, मजुरी, डिपिंग ऑइल (घड बुडवायच्या द्रावणातलं तेल), जाळीची दुरुस्ती बसत असेल तरच हात घाला.

उरलेल्या महिन्यांसाठी नेटिंग (वाळलेल्या मालाच्या काड्या काढून चाळणं) आणि प्रतवारीचं काम बघा. माल कोल्ड स्टोरेजमधून निघेल तसा हे काम दिवाळीपर्यंत येत राहतं, आणि डिप्लोमा तिथं कामाला येतो. नेटिंगच्या मशीनची चाळण, बेअरिंग, मोटर स्वतः बघणारा माणूस हंगामात सापडत नाही. पहिल्या वर्षी दुसऱ्याचा माल ठेक्यानं वाळवून द्या, स्वतः द्राक्ष विकत घेऊ नका. ठेक्यात पावसानं नुकसान झालं तर ते कोणाचं, हे आधी कागदावर घ्या. भांडणं तिथंच होतात.

प्रश्न : गेल्या हंगामात माल चांगला असून निम्मा बेदाणा काळपट पडला. शेजारच्या शेडचा हिरवा निघाला. औषध तेच, दुकान तेच. चूक कुठं झाली? (वाचक, सावळज)

औषध तेच असलं तरी द्रावण तेच होतं का, हे बघावं लागेल. नेहमीचं प्रमाण लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ५ किलो आणि ३ लिटर. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग ऑइल बारीक धारेनं सोडत सारखं ढवळायचं. द्रावण ताकासारखं एकसारखं पांढरं दिसलं पाहिजे. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर काही घडांना तेल जास्त लागतं, काहींना लागतच नाही. मग एकाच जाळीवर हिरवा आणि काळा माल शेजारी शेजारी निघतो. तुमचा 'निम्मा' याच जातीचा वाटतो.

दुसरी शक्यता पोत्याची. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातलं गोळे झालेलं कार्बोनेट ५ किलो तोललं तर त्यात पाण्याचंही वजन आलं. द्रावण कमजोर होतं आणि कळतही नाही. द्रावणाचा सामू (पीएच) ११ च्या आसपास हवा. कागदी पट्टीनं सकाळी एकदा तपासून भागत नाही, कारण फुटलेल्या मण्यांचा आंबट रस उतरत गेला की तो घसरतो. दुपारी पट्टी पुन्हा लावा. रंग उतरला असेल तर टाकी बदला, वरून मूठभर कार्बोनेट टाकून वेळ मारून नेऊ नका.

आता घड बुडवणं. मण्यावरची पांढरी लव म्हणजे मेणाचा थर. तो आतलं पाणी अडवून धरतो. डिपिंगनं तो सैल पडतो, पाण्याला वाट मिळते. क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवून वर काढलं की एक घड उजेडात धरून बघा. द्रावण मण्यावर पातळ पसरलेलं दिसलं आणि मणी गडद, ओला हिरवा झाला तर काम झालं. थेंब मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळत असतील तर मेण अजून तसंच आहे. क्रेट दाबून भरलेलं असेल तर मधल्या घडांची हीच गत होते, बाहेरचे मात्र झकास दिसतात.

काळं पडण्याचं मूळ कारण वेळ. द्राक्षाच्या गरातच रंग तपकिरी करणारं एन्झाइम असतं, आणि मण्यात पाणी आहे तोवर ते काम करत राहतं. पहिल्या चार दिवसांत पाणी झपाट्यानं गेलं तर हिरवा रंग टिकतो, रेंगाळलं तर जातो. म्हणून घड एका थरात पसरायचे, एकावर एक नाही. फुटका मणी कात्रीनं आधीच काढायचा, कारण त्याचा रस शेजारच्या पाच मण्यांना चिकटवतो आणि ते सगळे काळे होतात. शेडच्या कडेची हिरवी जाळी पश्चिमेला फाटली असेल तर दुपारचं ऊन थेट आत येतं. त्या रांगेचा माल तपकिरी येणारच. तुमचा काळा माल कुठल्या रांगेतला होता, हे आठवत असेल तर निम्मं उत्तर तिथंच मिळेल. आठवत नसेल तर यंदा प्रत्येक रांगेला खडूनं तारीख आणि टाकीचा नंबर टाका.

ढग आले तर वरच्या कप्प्यांवर ताडपत्री जरूर, पण बाजू बंद करू नका. कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच वाईट. माल उतरवायची वेळ झाली का, हे मुठीनं कळतं. मूठभर दाबून सोडा. मणी सुटे झाले तर उतरवा, लाडू राहिला तर अजून दोन दिवस. शेवटी १५ टक्क्यांच्या आसपास ओल हवी. त्याहून जास्त असेल तर पेटीत आंबतो.

प्रश्न : मी बेदाणा निवडायला जाते. मजुरी वेळेवर मिळते, बायकांची सोबत असते, म्हणून काम सोडवत नाही. पण कंबर धरते आणि गंधकाच्या खोलीजवळ बसलं की खोकला थांबत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधला तर चालेल का? (वाचक, तासगाव तालुका)

ताई, रुमाल धुळीला चालतो, बेदाण्याच्या रंगासाठी देतात त्या गंधकाच्या धुरीला नाही. जळत्या गंधकाचा वायू कापडातून आरपार जातो. निवडणीची जागा धुरीच्या खोलीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवी. धुरी संपल्यावर दारं उघडून वास पूर्ण गेल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. आत जावंच लागत असेल तर आम्लवायूसाठीचा डबीचा मास्क मालकानं द्यायचा असतो, हे त्यांना सांगा. दमा असेल तर त्या कामाजवळ बसूच नका. दहा जणी मिळून बोललात तर ऐकलं जाईल, कारण हंगामात निवडणाऱ्या बायका मिळत नाहीत हे मालकालाही ठाऊक आहे.

कंबरेसाठी जमिनीवरचा ढीग टेबलावर घ्यायला लावा, उंची कोपराच्या जरा खाली. दिवा पांढरा असू द्या. पिवळ्या बल्बखाली हिरवा आणि पिवळा माल सारखाच दिसतो, मग मान खाली घालून डोळे ताणावे लागतात आणि शेवटी बोलणी तुम्हालाच बसतात.

प्रश्न : द्राक्ष २० ब्रिक्सला (रसात साधारण २० टक्के साखर) आलंय. मार्केटचा दर पडलाय. लगेच शेडवर टाकू की थांबू? (वाचक, मिरज तालुका)

आभाळ स्वच्छ असेल आणि वेलीवर पान शाबूत असेल तर थांबा. बेदाण्यात साधारण ८५ टक्के घट्ट भाग असतो आणि तो बहुतेक साखरेचाच. २० ब्रिक्सच्या १००० किलो द्राक्षात २०० किलो साखर, म्हणजे २३५ किलोच्या आसपास बेदाणा. २४ ब्रिक्सला तोच हिशेब २८२ किलोवर जातो. १५ किलोच्या पेट्यांत मोजलं तर टनामागे तीन पेट्या जास्त, आणि मणीही भरीव निघतो. काड्या, फुटके मणी वजा करायचे ते दोन्हीकडे सारखेच.

मात्र हातात पैसे कधी येणार, हेही धरा. सौद्याला (लिलावाला) माल लावण्याआधी पेमेंट किती दिवसांत, हे अडत दुकानात विचारून विक्रीच्या पट्टीवर लिहून घ्या. दिवाळीआधी सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट (मागची सगळी देणी चुकती करणं) होतं, तोवर कोणाकडे किती अडकलंय हे बाजारात आपोआप कळतं. औषधवाल्याची उधारी एप्रिलमध्ये द्यायची असेल तर थोडा माल आधी विका, बाकी कोल्ड स्टोरेजला ठेवा.