पाणी ताकासारखं, झोआ मिटलेले: खाऱ्या पाण्याच्या टाकीची प्रश्नोत्तरे

या वेळी नाशिकमधून आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. गंगापूर रोडचं पत्र सगळ्यात तातडीचं, म्हणून ते आधी.

प्रश्न (गंगापूर रोड): 200 लिटरची टाकी, वर्ष झालं. लग्नासाठी चार दिवस गावी गेलो आणि खाद्य टाकायचं काम शेजारच्या मुलावर सोपवलं. परत आलो तर पाणी ताकासारखं. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिक रिंगा नळाखाली स्वच्छ धुतल्या, निम्मं पाणी बदललं, बाटलीतले बॅक्टेरिया टाकले. दोन दिवस बरं वाटलं. आता पाणी आधीपेक्षा पांढरं आहे आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात.

उत्तर: आधी एअर पंप लावा, मग पुढचं वाचा. हा पांढरेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे कोट्यवधी बॅक्टेरिया, आणि ते ऑक्सिजन खातात. रात्री दिवे बंद असल्यामुळे शेवाळाकडून नवा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून पहाटे मासे कासावीस होतात.

पहिल्यांदा पाणी बिघडलं ते उरलेल्या खाद्यामुळे. खाद्य थांबवून स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण ओढून काढणारं यंत्र) चालू ठेवला असता तर ते काही दिवसांत आपोआप निवळलं असतं. दुसरा फेरा मात्र धुण्यामुळे आलाय. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी क्लोरीन घालूनच येतं. रिंगांवर वर्षभरात वसलेली, अमोनिया पचवणारी वस्ती त्यात बहुतेक मेली असणार. आज अमोनिया मोजा. समुद्री टाकीचा पीएच 8 च्या वर असतो, तिथे थोडासा अमोनियाही गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो. आकडा शून्याच्या वर दिसला तर रोज 15–20 टक्के पाणी बदला. दोन दिवस खाद्य बंद ठेवा, मोठ्या माशांना काही होत नाही. आणखी कुठलीही बाटली ओतू नका. यूव्ही दिवा (अतिनील प्रकाशानं पाण्यातले जंतू मारणारा) कुणाकडून आणता आला तर आठवडाभर लावा. पुढच्या वेळी स्पंज आणि रिंगा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत खळबळून घ्या, तेवढं पुरतं.

केएच (पाण्याची क्षारता) आणि कॅल्शियमची द्रावणं लागोपाठ ओतली तरीही पाणी असंच पांढरं होतं, पण ते काही मिनिटांतच. असं पाणी ग्लासात काढून ठेवा. तळाशी पांढरी भुकटी बसली आणि व्हिनेगर टाकल्यावर ती फसफसली, तर तो कॅल्शियम कार्बोनेट समजा. बॅक्टेरियाचं पाणी असं खाली बसत नाही.

प्रश्न (सिडको): झोआ (बटणांसारखे छोटे कोरल, म्हणजे प्रवाळ) तीन आठवडे उघडलेले नाहीत. आधी क्लीनर श्रिम्प मेली, मग गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मासे ठणठणीत. केएच, कॅल्शियम, नायट्रेट सगळं जागेवर आहे. पाणी घरच्याच आरओचं. जुनं मशीन गेलं म्हणून गेल्या महिन्यात नवं घेतलं.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी श्रिम्प, मग गोगलगायी, मग कोरल, आणि मासे मात्र ठीक, या क्रमावरून पहिला संशय तांब्यावर जातो. हल्ली पिण्याच्या बऱ्याच आरओ मशीनमध्ये पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं. माणसाला त्याचा त्रास नाही, पण पाठीचा कणा नसलेल्या जिवांना तांब्याचा अंशही सोसत नाही. मशीनचं माहितीपत्रक काढून बघा आणि तांब्याच्या किटनं टाकीचं पाणी तपासा.

तांबं नसलं तरी ते पाणी टाकीच्या कामाचं नाही. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. टाकीसाठी वेगळं आरओ-डीआय (उरलेसुरले क्षारही काढणारं मशीन) घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य यायला हवा. तोवर कार्बनच्या जोडीला पॉली-फिल्टर (धातू शोषणारा फिल्टरचा पॅड) लावा. तांबं ओढलं की तो निळसर पडतो, म्हणजे तपासणीही होते. झोआ आधीच दमलेले आहेत, तेव्हा मीठ आणि तापमान जुळवूनच पाणी बदला.

प्रश्न (नाशिकरोड): 200 लिटरची टाकी. एप्रिलपासून पंखा लावलाय. पाणी रोज 4 लिटर आटतं, तेवढं मिठाचं पाणी घालतो. लेदर कोरल (चामड्यासारखा मऊ कोरल) दहा दिवस आक्रसलेलं आहे.

उत्तर: आटतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. रोजचे 4 लिटर धरले तर दहा दिवसांत 1400 ग्रॅम क्षार वाढले. तुमची टाकी 200 लिटरची, म्हणजे लिटरमागे 7 ग्रॅम जादा. 35 चे 42 झाले!

यापुढे आटलेलं पाणी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्यानेच भरा. शिवाय रोज 5 लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घाला; आठवडाभरात 35 वर याल. एका दिवसात उतरवायला जाऊ नका, त्या धक्क्यानं उरलेले जीवही जातील. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) मात्र 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

पंखा चालू ठेवा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तो 2–3 अंश सहज उतरवतो, पावसाळी दमटपणात तेवढा चालत नाही. मीठ जागेवर आल्यावरही लेदर मिटलेलंच राहिलं आणि अंगावर मेणासारखा पापुद्रा दिसला, तर घाबरू नका. ते कात टाकतंय. प्रवाह थोडा वाढवा.

प्रश्न (इंदिरानगर): झोआच्या दगडावर ऐप्टेशिया (झपाट्यानं पसरणारं, डंख मारणारं छोटं समुद्रफूल) माजलाय. दगड उकळून काढू का?

उत्तर: नाही, अजिबात नाही! काही झोआंत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं आणि उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात अशा वाफेनं घरातली माणसं इस्पितळात पोचली आहेत. ब्रशनं घासणं आणि दगड फोडणंही नको. पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजनं थेट ऐप्टेशियाच्या तोंडावर सोडा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, मुलांना खोलीबाहेर ठेवा.

प्रश्न (पंचवटी): एक विक्रेता ॲक्रोपोरा (फांद्यांचा, दगडी सांगाड्याचा कोरल) देतोय, बिल मात्र देत नाही. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. दगडी सांगाड्याचे सगळे कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखेही (पंख्याच्या आकाराचे कोरल). वाळलेला सांगाडाही बाळगता येत नाही. शिवाय नव्या टाकीत ॲक्रोपोरा टिकवणं फार अवघड, त्याला केएचची जराशी चढउतारही चालत नाही.

त्याऐवजी ओळखीच्या कुणाकडे जोमदार लेदर असेल तर त्याचा तुकडा मागून आणा. धारदार ब्लेडनं कापलेला, अंगठ्याएवढा पुरे. दगडावर सैल रबरबँडनं बांधून मंद प्रवाहात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत तो दगडाला धरतो.