गोंडोलाच्या उतारावर आणि लिफ्टबाहेरच्या डोंगरातही चालेल असा एकच टेलिमार्क सेट कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात, गुलमर्गला दोन कोर्स झालेत, साधं स्कीइंग जमतं, आता मोकळ्या टाचेचं टेलिमार्क शिकायचंय. स्की आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) असं हवंय की गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, उतारावरही चालेल आणि स्कीखाली स्किन, म्हणजे मागे न घसरू देणारी पट्टी, लावून डोंगर चढतानाही. आणि पैसे एकाच सेटपुरते आहेत.

तुमच्या प्रश्नात बुटाचं नावच नाही. माझंही तेच झालं होतं, म्हणून बुटापासूनच सुरू करतो.

मी तीन हिवाळे नोकरीनिमित्त नॉर्वेत कोंग्सबर्गला काढले, टेलिमार्क तिथेच शिकलो. परत येताना एकाकडून वापरलेल्या स्की, बाइंडिंगसकट, स्वस्तात मिळाल्या म्हणून उचलल्या. बूट साताऱ्याला आल्यावर एका ऑनलाइन दुकानातून मागवले. वर्णनात ‘टेलिमार्क बूट’ एवढंच लिहिलेलं. कस्टमची ड्यूटी भरली, महिनाभर वाट बघितली, खोका फोडला आणि बूट बाइंडिंगसमोर धरला तर बुटाला पुढे चोचच नाही! बाइंडिंग ७५ मिलिमीटरचं आणि बूट एनटीएनचे. दोन्ही टेलिमार्कचेच, पण एकमेकांत बसायचं नाव नाही.

आमच्या वर्कशॉपमधले मिस्त्री मूळचे मिरजेचे. त्यांनी दोन्ही वस्तू हातात घेऊन फिरवल्या आणि म्हणाले, “हे आमच्या मिरज जंक्शनसारखं झालं की. डबा हाय, रूळ हायत, पण गेज येगळा.” मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही रूळ होते, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. टेलिमार्कचंही आज नेमकं तसंच आहे, गेज तीन.

पहिलं ७५ मिमी. बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखी रुंद पट्टी असते, तिच्या तळाला तीन भोकं. नॉर्वेच्या रोट्टेफेला कंपनीचं १९२७ पासूनचं बाइंडिंग याच घराण्यातलं. रोट्टेफेला म्हणजे उंदराचा सापळा, आणि ते दिसतंही तसंच. दुसरं एनटीएन, म्हणजे न्यू टेलिमार्क नॉर्म. हेही रोट्टेफेलानेच २००७ च्या सुमारास आणलं. यात चोच नाही. बाइंडिंग बुटाला पुढून आणि तळाखाली मधल्या भागात असलेल्या एका खाचेत धरतं, त्या खाचेला ‘सेकंड हील’ म्हणतात. तिसरं टेक. बुटाच्या चवड्याशी दोन्ही बाजूंना धातूच्या खळग्या असतात आणि बाइंडिंगच्या दोन पिना त्यांत बसतात. डोंगर चढायला याच्याइतकं हलकं दुसरं काही नाही.

तुम्ही नव्याने सुरुवात करताय, तर ७५ मिमीच्या वाटेला जाऊ नका. वाईट आहे म्हणून नव्हे. व्होइले स्विचबॅकसारखं बाइंडिंग आजही मस्त चालतं, उघडून दुरुस्त करता येतं, आणि त्या जुन्या मऊ बुटात पाय जमिनीशी जे बोलतो ते नव्या बुटात नाही. पण नवे बूट आणि नवी बाइंडिंग आता बहुतेक एनटीएनमध्येच निघतात. आज ७५ घेतलंत तर पाच वर्षांनी जुन्या बाजारात फिरावं लागेल. बूट असे घ्या ज्यांना एनटीएनची खाचही आहे आणि चवड्याला टेकच्या खळग्याही. स्कार्पा टीएक्स प्रो हे त्यातलं सर्वात परिचित नाव. सगळ्या एनटीएन बुटांना टेकच्या खळग्या असतात असं मात्र धरून चालू नका, फोटो मोठा करून बघा. असा बूट पायात असला की दोन गेजचे रूळ तुम्हाला खुले.

माप असं घ्या: भिंतीला टाच टेकवून उभे राहा, अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. तोच मोंडो, म्हणजे स्की बुटांचा आकार. २७ सेंमी म्हणजे २७. बूट हातात आल्यावर आतला मऊ लाइनर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दीड सेंटिमीटर जागा राहिली की ठीक. टेलिमार्कच्या बुटाला चवड्यावर भात्यासारखी घडी असते, तिथे बूट वाकतो. ती घडी तुमचा चवडा जिथे मोडतो तिथेच यायला हवी. मागेपुढे झाली की दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड, आणि मग ना लिफ्ट ना डोंगर.

आता बाइंडिंग. यात निवड दोन गोष्टींवर ठरते: चढताना टाच किती मोकळेपणी उचलली जाते, आणि उतरताना ती किती जोराने खाली खेचली जाते.

टेलिमार्कच्या वळणात बाहेरचा पाय पुढे जातो, आतला मागे, मागच्याची टाच उचललेली आणि गुडघा स्कीकडे झुकलेला. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागचा पाय नुसता ओढत नेणं, वजन सगळं पुढच्यावर. ज्या बाइंडिंगची स्प्रिंग लवकर ताणली जाते त्याला ॲक्टिव्ह म्हणतात. ते मागच्या पायाचा चवडा आपणहून स्कीवर दाबतं, म्हणजे तुमची अर्धी चूक झाकतं. कडक, दाबलेल्या बर्फावर याची किंमत कळते. उलट चढताना तीच स्प्रिंग प्रत्येक पावलाला टाच मागे खेचते. यावर उपाय म्हणजे चढण्यासाठी वेगळा मोकळा सांधा, फ्री पिव्हट. तो नसेल तर बॅककंट्रीचं, म्हणजे लिफ्टबाहेरच्या डोंगराचं, नाव काढू नका. अजिंक्यतारा मागे रबर बांधून चढून बघा, तासाभरात पटेल.

माझा कौल. दहातले आठ दिवस गोंडोलावर जाणार असाल तर ट्वेंटी-टू डिझाइन्सचं आउटलॉ एक्स किंवा रोट्टेफेलाचं फ्रीराइड. दणकट, ॲक्टिव्ह, वजन जास्त. आउटलॉला चढणीचा मोकळा सांधा आहे; या दोघांत मी तेच घेईन. निम्मे दिवस पायी चढणार असाल तर ट्वेंटी-टू डिझाइन्सचंच लिंक्स. त्यात पुढे टेकच्या पिना आणि मागे सेकंड हीलला धरणारा पंजा. चढताना पंजा सोडून द्यायचा, बूट पिनांवर फिरतो. माझ्याकडे सध्या लिंक्स आहे आणि एकच सेट ठेवायचा तर मी पुन्हा तेच घेईन. फ्रेंच मेइजोही याच जातीचं आणि त्यात बूट बाजूला सुटण्याची सोय आहे, पण त्यात सुटे भाग बरेच. साताऱ्यात बसून ज्याला दुरुस्ती करायची त्याला कमी भागांचं यंत्र बरं.

सुटण्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. तुम्ही कोर्समध्ये जे बाइंडिंग वापरलंत ते पडल्यावर आपोआप सुटत होतं. टेलिमार्कची बहुतेक बाइंडिंग सुटत नाहीत, किंवा भरवशाने सुटत नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीचं एक वेळ बाजूला ठेवू. हिमस्खलनात न सुटलेली स्की नांगरासारखी माणसाला खाली धरून ठेवते. बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं या तीन गोष्टींचे पैसे स्कीच्या आधी बाजूला काढा. त्यात बजेट संपलं तर यंदा स्की भाड्याने घ्या.

हे गुलमर्गसाठी जास्तच लागू. गुलमर्गला आपण रिसॉर्ट म्हणतो खरं, पण गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो, आणि तिथून मधला नियंत्रित भाग सोडला तर चहूकडे बॅककंट्रीच. २००५ मध्ये तो टप्पा सुरू झाल्यापासून जगभरचे लोक येतात ते त्यासाठीच. स्की पेट्रोल सकाळी काय सांगतंय ते ऐकल्याशिवाय नियंत्रित भागाच्या दोरीपलीकडे पाऊल नको. म्हणजे तुमच्या प्रश्नातले ‘दोन वापर’ गुलमर्गला तरी पुष्कळसे एकच आहेत. म्हणूनच तुम्हाला एका सेटमध्ये भागवता येईल असं मी म्हणतोय. युरोपातल्या इस्त्री केलेल्या उतारांसाठी विचारलं असतंत तर उत्तर वेगळं दिलं असतं.

स्कीबद्दल थोडक्यात, कारण इथे लोक उगाच डोकं खपवतात. ‘टेलिमार्क स्की’ अशी वेगळी जात आता जवळपास उरलेली नाही; साधी टूरिंगची, म्हणजे डोंगर चढून उतरायची, स्की चालते. स्कीच्या कमरेची, म्हणजे मधल्या भागाची, रुंदी ९५ ते १०५ मिमी, लांबी हनुवटी ते नाक यांच्या मधली, लवचीकपणा मध्यम. फार कडक स्की मागच्या पायाखाली वाकत नाही, फार हलकी कार्बनची कडक बर्फावर थरथरते. शिवाय टेलिमार्कमध्ये टाच उचलली की बाइंडिंगचे स्क्रू वरच्या दिशेने खेचले जातात, त्यामुळे बाइंडिंगच्या जागी स्की दमदार हवी. वजन वाचवायला पातळ स्की घेतली आणि डोंगरात स्क्रू उपटून आले की पुढची वाट कमरेएवढ्या बर्फातून पायी.

बसवण्याचं काम साताऱ्यात होतं. मी करून घेतलंय. कंपनीचा कागदी नकाशा १:१ मापात छापायचा आणि छापल्यावर पट्टीने तपासायचा, कारण प्रिंटर गुपचूप ९७ टक्के करतो. एका बाइंडिंगचा नकाशा दुसऱ्याला लागत नाही. ड्रिलचं माप बहुतेक स्कीवरच लिहिलेलं असतं: आत धातूचा थर असेल तर ४.१ मिमी, नसेल तर ३.५ किंवा ३.६, खोली ९ मिमी. मिस्त्रींनी ड्रिल बिटला ९ मिमीवर निळी टेप गुंडाळली, नकाशा चिकटवला, पंच मारला, आणि मग बिट भोकावर धरून माझ्याकडे बघत विचारलं, “कितीची हाय ही फळी?” मी किंमत सांगितली. त्यांनी बिट खाली ठेवलं, हात धुतले, चहा मागवला. चहा झाल्यावर बाराच्या बारा भोकं एका दमात सरळ पाडली.

एकच घोळ झाला. स्कीचे स्क्रू पोझिड्राइव्ह तीन नंबरचे असतात. आपल्याकडच्या पेटीत असतो तो चार पाकळ्यांचा फिलिप्स. दिसायला सख्खा भाऊ, पण जोर दिला की निसटतो आणि स्क्रूचं डोकं खातो. दोन डोकी अशी गेली. पोझिड्राइव्हचं बिट आधी मागवून ठेवा. भोकात स्क्रूआधी लाकडाचा पाणी न लागणारा गोंद घाला आणि रात्रभर सुकू द्या. तेच बिट, दोन जादा स्क्रू, थोडी स्टील वूल, बारीक तार आणि दोन-तीन झिप टाय हे पाठपिशवीत कायम असू द्या. अफरवटच्या मागच्या अंगाला एकदा मित्राच्या बाइंडिंगची केबल तुटली होती. तारेने आणि झिप टायने बांधून तो खाली तनमर्ग गावापर्यंत उतरला. वळणं कसली घेतली ते विचारू नका.

तयारी इथेच सुरू करा. टेलिमार्क म्हणजे शेवटी उतारावरच्या एका पायाच्या बैठका. तालमीतल्या माणसाला हे आठवड्यात येईल असं मला नेहमी वाटतं. योगायोग बघा: १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत नॉर्वेच्या टेलिमार्क प्रांतातल्या मोर्गेदाल गावी पेटवली होती, ज्यांच्यामुळे हे वळण जगाला कळलं त्या सोंद्रे नोर्हाइम यांच्या घरातल्या चुलीत. आणि त्याच वर्षी, उन्हाळ्यात हेलसिंकीला, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य घेतलं. मी जानेवारीत रोज सकाळी यवतेश्वर घाटात पाय पुढेमागे टाकत बैठका मारत चढतो. दूधवाले गाडी हळू करून बघतात.

सामान नेण्याचं म्हणाल तर स्कीची पिशवी एसटीच्या डिकीत तिरकी बसते. साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनी पिशवी हाताने चाचपून विचारलं होतं, “शिंगणापूरला कावड चाललीय व्हय?” मी हो म्हणालो. काश्मीर सांगत बसलो असतो तर पुण्याची गाडी चुकली असती.

तुमचा पाय किती सेंटिमीटर भरतो, वजन किती, आणि वर्षाला किती दिवस जमतात ते खाली लिहा. त्यावरून बुटाचा आकार आणि स्कीची लांबी सांगता येईल. तोपर्यंत ऑनलाइन काही मागवू नका, ‘टेलिमार्क’ एवढंच लिहिलेलं तर मुळीच नको.